रेडिएटर नीट तापत नाहीत: हवा काढून झाली, आता पुढे काय?

उबदार_कोपरा

घर दुमजली. गॅसवरचा कॉम्बी बॉयलर (रेडिएटरचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तोच तापवतो), बंद सिस्टीम, दोन पाइपांची जोडणी, एकूण ९ रेडिएटर. प्रत्येकाला एका बाजूला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की आपोआप आवळणारा) आणि दुसऱ्या बाजूला टोपीखालचा लॉकशील्ड (पाण्याचा प्रवाह पान्याने कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह). बॉयलरवर पाण्याचं तापमान ६५ अंश लावलंय. तक्रारी अशा:

१. खालच्या बैठकीच्या खोलीतला मोठा दुहेरी रेडिएटर वरून आणि दोन्ही कडांना तापतो, पण मधला खालचा भाग गारच राहतो.
२. वरच्या एका झोपायच्या खोलीतला पूर्ण थंड. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हपर्यंत येणारा पाइप मात्र हात ठेववत नाही इतका गरम.
३. बाथरूममधल्याची वरची कड सारखी थंड पडते. हवा काढली की सुधारतो, काही दिवसांनी पुन्हा तेच.
४. बॉयलरपासून सगळ्यात लांबच्या खोलीतला कोमटच्या पुढे जात नाही.

दाबाचं गेज सिस्टीम थंड असताना १.२ बार दाखवतं, घर तापलं की २.८ च्या पुढे जातं आणि नंतर थंड झाल्यावर ०.६ वर येतं. मग पुन्हा पाणी भरायचं. हवा काढताना शेवटी येणारं पाणी काळपट असतं. जमिनीवर, सांध्यांवर कुठेही ओल नाही.

सगळ्या रेडिएटरची हवा काढून झाली आहे. पॉवर फ्लश (यंत्राने जोरात पाणी फिरवून आतला गाळ काढणं) करून घ्यावा, की थंड पडणारे दोन रेडिएटर सरळ बदलावेत? सुरुवात कुठून करू?

---

जोरदार_पंप

फ्लश वगैरे नंतर बघा. पंपाचा वेग सगळ्यात वरच्या नंबरवर टाका आणि बॉयलर ७५ वर न्या. लांबचा रेडिएटर लगेच तापेल.

---

पाना_नंबर_बारा

वरचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. पंपाचा वेग वाढवला की पाणी आधी सोप्या वाटेनेच जास्त धावतं, म्हणजे जवळच्या रेडिएटरमधून. लांबच्याला जेमतेम फरक पडतो आणि व्हॉल्व्हमधून शिट्टीसारखा आवाज सुरू होतो तो वेगळाच. शिवाय जवळच्या रेडिएटरमधून पाणी जवळपास तितकंच गरम परत येतं. कंडेन्सिंग बॉयलरला परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली हवं, तरच धुरातली वाफ आत थंड होऊन तिची उष्णता वसूल होते. परतीचं पाणी ६५ वर गेलं की ती बचत गेली.

आता मुद्द्याचं. रेडिएटर कुठे थंड आहे यावरून कारण बऱ्यापैकी कळतं, म्हणून चावी हातात घेण्याआधी हात फिरवून बघायचा:

- वर थंड, खाली गरम: आत हवा किंवा वायू.
- मध्यभागी खाली थंड, कडा गरम: तळाशी गाळ.
- पूर्ण थंड, पण एक पाइप व्हॉल्व्हपर्यंत गरम: व्हॉल्व्ह बंद किंवा अडकलेला.
- सगळा सारखाच कोमट, आणि तोही लांबचा: पाण्याची वाटणी चुकलेली.
- सगळ्या घरातलेच कोमट: पंप, बॉयलरचं तापमान किंवा कॉम्बीमधला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (गरम पाणी रेडिएटरकडे की नळासाठी, ते ठरवणारा). डायव्हर्टर अर्धवट अडकला असेल तर नळाला गरम पाणी उत्तम येतं पण रेडिएटर रडतात, किंवा गरम पाण्याचा नळ उघडल्यावर रेडिएटरही तापायला लागतात.

एक खुलासा. वरचा भाग गरम आणि खालचा भाग त्याहून १०-१५ अंशांनी थंड, हे सगळ्या रुंदीत सारखं असेल तर तो दोष नाही. पाणी वर फिरतं, उष्णता देत देत खाली येतं. दोष तेव्हा, जेव्हा परतीचा पाइप गरम असूनही पोट गार असतं.

तुमच्याकडे पहिल्या चारही प्रकारांचा एकेक नमुना आहे. पण हे चार वेगळे आजार समजू नका. गेजचे आकडे बघता मूळ एकच दिसतंय: प्रसरण टाकीतली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे. त्यामुळे दाब वाढून पाणी बाहेर पडतं, तुम्ही ताजं पाणी भरता, ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, तो लोखंड खातो, त्यातून काळा गाळ होतो. गाळाने १ नंबर. गंजण्यातूनच हायड्रोजन निघतो आणि उंचावर साठतो, म्हणून ३ नंबर. आणि गाळ अरुंद वाटांत बसला की ४ नंबरची भर.

म्हणून क्रम असा: आधी दाब, मग गाळ, मग अडकलेल्या व्हॉल्व्हची पिन, शेवटी वाटणी. उलट्या क्रमाने केलंत तर सगळं दोनदा करावं लागेल. २ नंबरची पिन मात्र आजच बघता येईल, त्यासाठी पाणी काढावं लागत नाही.

पिन अशी बघा. थर्मोस्टॅटचं डोकं आधी सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवा, म्हणजे आतला दट्ट्या मागे जातो आणि डोकं उतरवताना पिनवर जोर येत नाही. मग खालची कडी उलटी फिरवून डोकं काढा. बहुतेक कड्या ३० मिमी व्यासाच्या, दीड मिमी आट्याच्या असतात. घट्ट असेल तर पक्कडीला फडकं गुंडाळून धरा, नाहीतर प्लास्टिक चेपतं. आत मधोमध एक बारीक धातूची पिन दिसेल. बोटाने दाबू नका, टोचते आणि जोरही पुरत नाही. पान्याच्या सपाट बाजूने किंवा लाकडाच्या तुकड्याने सरळ खाली दाबा. चांगली पिन २-३ मिमी आत जाते आणि सोडताच उसळून वर येते.

तुमची बहुधा खालीच बसलेली असेल. व्हॉल्व्हच्या पितळी अंगावर बाजूने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. सिलिकॉन तेलाचा एक थेंब पिनच्या मुळाशी सोडा. मग पक्कडीने पिन हलकेच धरून थोडी डावी-उजवी फिरवा आणि फार तर मिलिमीटरभर वर घ्या. ओढून काढू नका. काही व्हॉल्व्हमध्ये पिन निघाली की तिच्या मागून गरम पाण्याचा फवारा येतो आणि तो थांबवायला हाताशी काहीच नसतं. पिन सुटली की पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. डोकं न बसवता हीटिंग लावा. डोकं नसताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत रेडिएटर तापायला हवा.

पिन छान उसळतेय आणि तरीही थंड? मग दुसऱ्या टोकाच्या लॉकशील्डची टोपी काढा. रंगकामाच्या वेळी कोणीतरी तो बंद करून तसाच सोडलेला असणं हे फार नेहमीचं आहे.

हीटिंग बंद असण्याच्या महिन्यांत सगळी डोकी सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवा. पिन महिनोन्‌महिने दाबलेली राहिली तर पुढच्या थंडीत अशीच चिकटते.

---

गेजवाला

पाना_नंबर_बारा यांच्याशी सहमत. दाबाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्याची नाडी तिथे आहे.

पाणी तापलं की फुगतं. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की सुमारे सव्वादोन लिटरने वाढतं. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून या वाढीला जागा द्यायला प्रसरण टाकी असते: मधे रबरी पडदा, एका बाजूला सिस्टीमचं पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. हवा शाबूत असेल तर थंड आणि गरम यांच्या दाबात साधारण अर्ध्या बारचा फरक पडतो. तुमच्याकडे तो १.६ बारच्या वर आहे. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि वाढलेलं पाणी बाहेरच्या नळीतून भिंतीपलीकडे जातं. म्हणूनच घरात कुठे ओल नाही.

खात्री करायची सोपी युक्ती: बाहेर निघालेल्या त्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधा. हीटिंग चालू-बंद झाल्यावर पिशवीत पाणी असेल तर शंकाच नको. मात्र पिशवी कायमची ठेवू नका, ती वाट मोकळीच हवी.

आणखी एक फरक तपासा. हीटिंग पूर्ण बंद आणि पाइप थंड असतानाही दाब हळूहळू चढतोय का? चढत असेल तर दोष टाकीत नाही. पाणी भरायच्या लवचिक नळीवरचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, किंवा कॉम्बीमधला प्लेट एक्स्चेंजर (बॉयलरच्या गरम पाण्याने नळाचं पाणी तापवणारा भाग) आतून फुटला आहे. फक्त तापल्यावरच चढत असेल तर टाकी.

टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. त्याची मधली पिन क्षणभर दाबून बघा: हवा आली किंवा काहीच आलं नाही, तर भरता येईल. पाणी आलं तर पडदा फाटलाय, हवा भरून उपयोग नाही, टाकी बदलायची. कॉम्बीत टाकी मागच्या बाजूला दडलेली असते आणि जुनी काढायला अर्धा बॉयलर उतरवावा लागतो. अशा वेळी परतीच्या पाइपवर बाहेरून नवी टाकी जोडणं हा रास्त पर्याय आहे.

हवा भरण्याची पद्धत चुकली की माप फसतं. बॉयलर बंद, पाणी थंड, आणि सिस्टीमचा दाब आधी शून्यावर आणायचा. ड्रेन कॉक उघडाच ठेवून हवा भरायची, म्हणजे टाकीत अडकलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. टाकीवर किंवा बॉयलरच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दाबापर्यंत भरा. बहुतेक घरगुती बॉयलरमध्ये तो ०.७५ ते १ बार असतो. मग ड्रेन बंद करून पाणी भरायचं. पाण्याचा दाब कायम ठेवून हवा मोजली तर गेज पाण्याचाच दाब दाखवतं आणि टाकी रिकामी असूनही भरलेली वाटते.

बॉयलरचं झाकण ज्वलनकक्षाचं सील असेल तर ते उघडू नका. गॅसचं काम परवानाधारक माणसाचंच. टाकीचा व्हॉल्व्ह झाकण न काढता हाताला येत असेल तरच स्वतः करा.

थंड असताना दाब किती हवा? गेजपासून सर्वात वरच्या रेडिएटरपर्यंतची उंची मीटरमध्ये मोजा, दहाने भागा आणि ०.३ ते ०.५ मिळवा. ६ मीटर उंची असेल तर ०.९ ते १.१ बार. दुमजली घराला १.२ ठीकच आहे. पण ०.६ वर आल्यावर तुमच्या वरच्या मजल्यावर दाब जेमतेम उरतो, आणि तेव्हा सांध्यांतून, आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून हवा आत ओढली जाऊ शकते. म्हणजे बाथरूमच्या रेडिएटरला दोन्हीकडून मार.

शेवटचं: सुरक्षा व्हॉल्व्ह अनेकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा बसतो आणि तो ठिबकत राहतो. टाकी दुरुस्त झाल्यावरही पिशवीत थेंब येत असतील तर व्हॉल्व्हही बदलून घ्या. स्वस्त भाग आहे, त्याच फेरीत उरकतो.

---

उबदार_कोपरा

पिन खालीच बसली होती, सांगितल्याप्रमाणे सुटली. २ नंबर तापतोय. पिशवीत पाणी आलं. हीटिंग बंद असताना दाब चढत नाही, म्हणजे टाकीच. त्यासाठी परवानाधारक तंत्रज्ञ बोलावतेय.

गाळाचं विचारायचं होतं. पॉवर फ्लश लागेलच का? एकट्या रेडिएटरचा गाळ घरी काढता येतो का? आणि तो हायड्रोजन खरंच असतो की साधी हवा?

---

पाना_नंबर_बारा

हायड्रोजन खरंच असतो. बंद पाण्यात ऑक्सिजन संपला तरी लोखंड आणि पाण्याची क्रिया सावकाश चालूच राहते, त्यातून काळा मॅग्नेटाइट (लोखंडाचा चुंबकाला चिकटणारा ऑक्साइड) आणि हायड्रोजन बनतो. म्हणून हवा काढताना जवळ काडी, लायटर, मेणबत्ती नको. इंटरनेटवर तो पेटवून दाखवणारे महाभाग असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पाण्याची परीक्षा अशी करा: हवेच्या स्क्रूमधून किंवा ड्रेनमधून काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि पेल्याच्या बाहेरून चुंबक फिरवा. काळे कण चुंबकामागे सरकत काचेला चिकटले तर मॅग्नेटाइट. पाणी तांबूस-तपकिरी असेल तर ताजा ऑक्सिजन अजून आत येतोय.

एकाच रेडिएटरचं पोट गार असेल तर तो उतरवून धुणं सगळ्यात परिणामकारक. पद्धत:

हीटिंग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. लॉकशील्ड घड्याळाच्या दिशेने बंद करताना किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर वाटणी हातची जाईल. थर्मोस्टॅटिक बाजूला नुसतं डोकं बर्फाच्या खुणेवर आणून भागत नाही. ती खूण म्हणजे गोठण्यापासून संरक्षण, खोली ६-७ अंशांवर आली की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि उघड्या तोंडातून पाणी जमिनीवर. डोकं काढून त्या जागी हाताने घट्ट करायची बंद टोपी बसवा.

खाली जुने टॉवेल, त्यावर पसरट तसराळं, शेजारी बालदी. या काळ्या पाण्याचा डाग गालिच्यावरून जात नाही, म्हणून टॉवेलांत कंजुषी नको. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरा आणि दुसऱ्याने मोठा नट सैल करा. व्हॉल्व्ह न धरता नट फिरवला तर पाइप पिळला जातो आणि जमिनीखालचा सांधा सुटतो. पाणी तसराळ्यात यायला लागलं की वरचा हवेचा स्क्रू उघडा, म्हणजे धार जोरात येईल. तसराळं भरत आलं की तोच स्क्रू बंद केला की धार मंदावते. दुहेरी मोठ्या रेडिएटरमध्ये पाच-सहा लिटर पाणी सहज असतं.

उचलताना दोघं लागतात. उचलण्याआधी दोन्ही तोंडांत बूच कोंबा, कारण तळाचा गाळ पाण्याबरोबर आलेला नसतो, तो आडवा करताच बाहेर पडतो. बाहेर नेऊन एका तोंडातून बागेच्या नळीचं पाणी सोडा, रबरी हातोडीने खालची कड ठोकत राहा, मग उलटा करून दुसऱ्या तोंडातून. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

परत बसवताना शंकूसारख्या पितळी बैठकीवर कचरा नको, पुसून घ्या. नटच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही, तिथे पाणी अडतं ते शंकूच्या घट्ट बसण्याने. टेप लागते ती रेडिएटरमध्ये घट्ट बसणाऱ्या टेलपीसच्या (रेडिएटर व्हॉल्व्हला जोडणाऱ्या तुकड्याच्या) आट्यांना. आधी लॉकशील्ड मोजलेल्या फेऱ्यांइतका उघडा, हवा काढा, दाब भरा, मग थर्मोस्टॅटिक बाजू. नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून तासाभराने बघा, बारीक पाझर डोळ्यांआधी कागदाला कळतो.

पॉवर फ्लशबद्दल माझं मत: एका रेडिएटरसाठी नको. चार-पाच रेडिएटर गाळाने भरलेत, किंवा बॉयलर नवा बसवायचा असेल, तर जरूर. जोडणीचे पाइप ८-१० मिमीचे असतील आणि पूर्ण बुजले असतील तर पॉवर फ्लशनेही ते हमखास उघडतात असं नाही, तिथे पाइप बदलावा लागतो.

मधला मार्ग आहे: सिस्टीम क्लीनर रसायन घालून बाटलीवर लिहिलेल्या मुदतीइतकं हीटिंग नेहमीसारखं चालवा. मुदत संपत आली की एकेक रेडिएटर सोडून बाकी सगळे बंद करा, म्हणजे पंपाचा सगळा जोर त्या एकातून जाईल. तेव्हा त्याला रबरी हातोडीने ठोका. मग गरम असतानाच नाही, थोडं निवल्यावर सगळं पाणी काढा, स्वच्छ पाणी भरून पुन्हा काढा, पाणी नितळ येईपर्यंत. क्लीनर आत राहू देऊ नका.

---

शंकासुर

क्लीनर घातल्यावर जुने रेडिएटर गळायला लागतात असं ऐकलंय. मग लीक बंद करणारं द्रव्य आधीच घालून ठेवावं का?

---

गेजवाला

क्लीनर नवं छिद्र पाडत नाही. गंजाने आधीच पडलेलं छिद्र गाळाने बुजलेलं असतं, ते उघडं पडतं. असा रेडिएटर आज ना उद्या गळणारच होता. आधीच गळतीरोधक द्रव्य घालणं म्हणजे जिथे वाटा मोकळ्या करायच्या तिथेच डिंक ओतणं. ते बॉयलरच्या एक्स्चेंजरच्या बारीक वाटांत आणि टाकीच्या नळीत बसतं. नकोच.

त्याऐवजी परतीच्या पाइपवर, बॉयलरच्या जवळ, चुंबकीय फिल्टर बसवा. परतीवरच, कारण गाळ बॉयलरमध्ये शिरण्याआधी पकडायचाय. फ्लशनंतरच्या पहिल्या महिन्यात दोन-तीनदा साफ करा, पुढे वर्षातून एकदा पुरे. आतल्या चुंबकाच्या नळीवर काळा, दाट, चिखलासारखा थर दिसेल. तो जितका जाड, तितकी फिल्टरची किंमत वसूल.

---

उबदार_कोपरा

टाकीत हवा भरून घेतली. पडदा शाबूत निघाला, सुरक्षा व्हॉल्व्हही बदलला. आता थंड १.२, गरम १.६. बैठकीतला रेडिएटर धुऊन बसवला, पोट तापतंय. क्लीनर घालून काढलं.

उरला लांबचा, ४ नंबर. त्याचा लॉकशील्ड पूर्ण उघडा आहे, पिन ठीक आहे. तरी कोमटच.

---

पाना_नंबर_बारा

आता वाटणी करायची वेळ आली. पाण्याला सगळ्यात कमी अडथळ्याची वाट आवडते. लांबच्याला जास्त पाणी द्यायचं तर जवळच्यांची तोंडं आवळायची, दुसरा उपाय नाही.

साहित्य: लॉकशील्डचा लहान पाना, कागद-पेन, आणि पाइपला चिमट्याने लावायचे दोन थर्मामीटर. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर पाइपवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवरच नेम धरा. उघड्या तांब्यावर किंवा क्रोमवर ते पाइपऐवजी खोलीचं प्रतिबिंब मोजतं आणि २०-२५ अंश कमी दाखवू शकतं.

सगळी थर्मोस्टॅटिक डोकी काढून ठेवा, नाहीतर खोली तापली की ती मधेच व्हॉल्व्ह आवळतील आणि सगळे आकडे बिघडतील. सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडा. आधीचे फेरे लिहिलेले असू द्या. पंप मधल्या वेगावर. घर थंड असताना हीटिंग लावा आणि रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते लिहा. प्रत्येकाच्या दोन पाइपांपैकी आधी गरम होतो तो येणारा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचीच बाजू येणारी असते असं धरून चालू नका.

सर्वात आधी तापलेल्यापासून सुरुवात. त्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून पाव फेरा उघडा. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि येणाऱ्या व जाणाऱ्या पाइपांचं तापमान मोजा. फरक १५ ते २० अंश आला की पुढचा रेडिएटर. फरक कमी असेल तर थोडं आवळा, जास्त असेल तर थोडं सोडा. हालचाल अष्टमांश फेऱ्याची, जास्त नाही. लॉकशील्डचं जवळपास सगळं नियंत्रण पहिल्या एका फेऱ्यातच असतं, पुढचे फेरे नावापुरते. म्हणून "अर्धा बंद केला, काही फरक नाही" अशी तक्रार येते.

शेवटचा, लांबचा, पूर्ण उघडाच ठेवा. एक रेडिएटर आवळला की बाकीच्यांचं पाणी वाढतं, म्हणून शेवटपर्यंत गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून एक फेरी मारा. दुसऱ्या फेरीत आकडे बसतात. बसलेले फेरे प्रत्येक टोपीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

---

उबदार_कोपरा

दोन फेऱ्या केल्या. लांबच्याला आता येणारं ५८, जाणारं ४२. बाकीचेही १५ ते १८ अंशांच्या फरकात आहेत. रेडिएटर सगळ्या रुंदीत सारखा तापतो, पण खोली १८ अंशांच्या वर जायला फार वेळ घेते. हा रेडिएटर लहान पडतोय का? त्याच्या लेबलवर १५०० वॉट लिहिलंय.

---

गेजवाला

रेडिएटर आता त्याचं काम करतोय, प्रश्न आकाराचा आहे. लेबलवरचे वॉट युरोपियन मानक ईएन ४४२ प्रमाणे मोजलेले असतात: येणारं ७५, जाणारं ६५, खोली २०. म्हणजे सरासरी पाणी ७०, खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम. तुमच्याकडे सरासरी ५० आणि खोली २० धरली तर फरक ३०. फरक ५० वरून ३० वर आला की मिळणारी उष्णता ६० टक्के राहत नाही, सुमारे ५१ टक्क्यांवर येते. १५०० च्या लेबलवर तुम्हाला ७७० वॉटच्या आसपास मिळताहेत.

तीन गोष्टी बघा, खर्चाच्या चढत्या क्रमाने. रेडिएटरवर लोंबणारा पडदा किंवा समोर सोफा आहे का. पडद्यामागे थर्मोस्टॅटचं डोकं कोंडलेल्या गरम हवेत राहतं आणि खोली थंड असतानाच व्हॉल्व्ह बंद करतं. डोकं तिथून हलवता येत नसेल तर लांब तारेवरचा सेन्सर असलेलं डोकं मिळतं. मग येणारं पाणी ५ अंशांनी वाढवून बघा. त्यानेही भागलं नाही तर त्याच लांबी-उंचीचा पण एक पॅनल आणि पत्र्याच्या घड्यांचा (फिन्सचा) एक थर जास्त असलेला रेडिएटर लावा. व्हॉल्व्हमधलं अंतर तेच राहतं, जाडी वाढते, म्हणून पाइपाचं भिंतीपासूनचं अंतर आधी मोजून घ्या.

---

शंकासुर

उभे, शोभेचे रेडिएटर अर्धेच तापतात, त्यालाही वाटणीच कारण का?

---

पाना_नंबर_बारा

बहुतेकदा नाही. दोन्ही जोडण्या खाली मधोमध असलेल्या उभ्या रेडिएटरमध्ये आत एका बाजूला अडसर असतो, तो पाणी वर ढकलतो. येणारा पाइप चुकीच्या तोंडाला जोडला की पाणी खालच्या खाली परत जातं. सूचनापत्रकात येणारं तोंड कोणतं ते दाखवलेलं असतं. उलटं असेल तर पाइप अदलाबदल करा किंवा, रेडिएटर दोन्हीकडून सारखा असेल तर, तोच फिरवून लावा.

---

उबदार_कोपरा

पडदाच होता, आखूड केला. शेवटचं: सगळं पाणी बदललंय, तर गंजरोधक किती घालू? आणि कुठून?

---

गेजवाला

नऊ रेडिएटर आणि पाइप मिळून साधारण ७० ते १०० लिटर धरा. बाजारातली १ लिटरची बाटली बहुधा १०० लिटरला पुरते, पण बाटलीवरचं प्रमाण हेच अंतिम. फिल्टर बसवला असेल तर त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, भांडं रिकामं करून त्यातच ओता. नसेल तर एखाद्या वरच्या रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, त्यातलं लिटर-दीड लिटर पाणी काढा, हवेच्या स्क्रूचं पूर्ण बूच काढून तिथून फनेल-नळीने ओता, बूच लावा, व्हॉल्व्ह उघडा, मग हवा काढून दाब १.२ वर आणा. पाणी भरून झालं की भरायच्या नळीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून नळी काढून ठेवा. तासभर हीटिंग चालवा म्हणजे सगळीकडे मिसळेल. वर्षाने चाचणीची पट्टी बुडवून प्रमाण बघा. मधल्या काळात परत परत पाणी भरावं लागलं तर गंजरोधक पातळ होतंय आणि गळती कुठेतरी आहे, असं समजून आधी पुन्हा पिशवी बांधा.